दुसरी हाक

माझी धाकटी जाऊ गीता धुतलेली भांडी पुन्हा धुते. रोज नाही, पोरं डोंगरात गेलेली असली की. घासूनपुसून ठेवलेला हंडा पडवीतून उचलायचा, अंगणात आणायचा, राख लावायची आणि परत घासायला बसायचं. ते झालं की झाडलेलं अंगण झाडायचं. मग निवडलेले तांदूळ सुपात घ्यायचे. हात सुपात आणि डोळे डोंगरावर, त्यामुळे उरलेला खडा तिला काही दिसत नाही. तो माझ्या दाताखाली येतो.

मी वनिता, थोरली. माझं माहेर भोर. भोरची म्हणून हिची जीभ फार चालते, असं सासरी म्हणतात. त्यात भोरचा काही दोष नाही, ती मला आईकडून आली आहे. आमची वाडी विंझरच्या वरच्या अंगाला. दोन भावांची दोन घरं, मधे एकच अंगण. माझे मालक बाजीराव शेती बघतात. गीताचा नवरा आकाश कापूरहोळला गॅरेजात मिस्त्री आहे, सकाळी मोटरसायकलवर जातो आणि दिवेलागणीला येतो. सासूबाई, म्हणजे अंबूबाई, आम्ही सुना त्यांना आत्या म्हणतो, कधी या घरी जेवतात, कधी त्या. जिथं भांडण चांगलं रंगलेलं असेल तिथं.

गीताला दोन लेकरं. सोनिया पाचवीत गेलेली, स्वरूप दुसरीत. सुट्टी लागली की ही दोघं भाकरी खाऊन, हातात काठी घेऊन जी वर जातात ती उन्हं कलल्यावर उगवतात. करवंदं, तोरणं, आळू, रानात जे फळ लागेल ते खातात. गुडघे फुटलेले, केसांत कुसळं, दात जांभळे. बरोबर मोठं माणूस कुणी नाही. मी माझ्या लेकीला, प्रेरणाला, दारापुढच्या आंब्यापलीकडे जाऊ दिलं नाही. ती घरात बसून मोबाईलवर दुसऱ्यांच्या पोरांचे खेळ बघायची. मला वाटायचं, बघू दे, डोळ्यांपुढं तर आहे.

आता कुणी म्हणेल, गीता डोंगरात वाढलेली असेल, तिला त्याचं काय. तर तसं मुळीच नाही. गीता पुण्यात धनकवडीला एका खोलीत वाढली. आई चार घरची कामं करायची, बाप रखवालदार. एकुलती पोर. शाळेतून आली की आई तिला आत ठेवून बाहेरून कुलूप लावायची आणि कामाला जायची. आईचंही चुकत नव्हतं. वस्ती तशी होती. एक खिडकी, त्यातून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, एवढं तिचं रान.

लग्न होऊन आली तेव्हा तिला कशाचीही भीती वाटायची. पालीची, म्हशीची, वाऱ्यानं दार वाजलं तर दाराची. पहिल्या पावसाळ्यात आत्यांनी तिला शेतावर भाकरी घेऊन पाठवलं. वाटेत ओढा आहे, पाणी असेल नडगीपर्यंत. ही अलीकडच्या काठाला पाटी डोक्यावर घेऊन उभी. गुरं गेली, बायका गेल्या, शाळेची पोरं उड्या मारत गेली, ही आपली उभीच. भाकरी शेतात पोचली ती दुपार टळल्यावर, तीही माझ्या मालकांनी येऊन नेली म्हणून. वाडीत वर्षभर हसायला विषय झाला. सगळ्यांत जास्त मी हसले. ती मात्र आतल्या खोलीत जाऊन रडली, आणि रडताना दार लावून घेतलं नाही. बंद दाराचीही तिला भीती होती.

आणि हीच बाई पोरांना डोंगरात सोडायची. मला काही उमजायचं नाही. एकदा मी तिला झापलंच. म्हटलं, "गीता, जीव यवडा टांगणीला लागतोय तर पाटवतीस कशापायी? न्हाईतर त्यांच्या मागनं तरी जा."

ती हंड्याला राख लावत होती. म्हणाली, "मी मागं गेले ना ताई, तर ती डोंगर बघणार नाहीत. मला बघत बसतील."

"मग नको पाटवू."

"भीती माझी आहे. ती पोरांना कशाला वाटून देऊ?"

मला राग आला. उत्तर सुचलं नाही की मला राग येतो. वाडीत बायका म्हणायच्या, गीतानं पोरं मोकाट सोडलीत. मोकाट हा आमच्याकडे गुरांचा शब्द आहे. तो कानावर आला की तिचा चेहरा पडायचा, पण पोरं रविवारी पुन्हा डोंगरावर असायची.

तिनं त्यांना काही गोष्टी घोटवून घेतल्या होत्या. दोघांनी एकमेकांना सोडायचं नाही. वाट चुकली, पडलं, लागलं, तर आहे तिथंच बसायचं, इकडंतिकडं धावायचं नाही. आणि गोठ्याची सावली गुरांच्या पाण्याच्या टाकीला लागायच्या आत घरी. स्वतःसाठीही तिचा एक नियम होता. पोरं वर असताना हाक मारायची नाही. ती म्हणायची, "आईची हाक गेली की कळतं, आई घाबरली. मग ती पण घाबरतात." तेव्हा ती हाक गिळायची आणि हंडा घासायची. आमच्या घरातली भांडी तिच्या भीतीनं झिजली.

अंबूबाईंनी पोरांना आपला एक नियम वरून दिला होता. तो त्यांना त्यांच्या सासूनं दिलेला. "रानात येका हाकंला ओ द्यायाची न्हाई. येकदाच हाक मारतं ते मानूस नसतंय. ते वळखीचा आवाज काढतं, नाव घिऊन बोलावतं. ओ दिली की मागं लागतं. मानूस दुसऱ्यांदा हाक मारतं. दुसरी आली तरच बोलायचं."

गीताला याचं हसू यायचं. "आत्या, मोबाईलवर एकच मिस कॉल आला तर काय करायचं?"

"त्याला तर मुळीच ओ द्यायाची न्हाई," आत्या म्हणाल्या. "त्यो आकाशचा आसंल, पेट्रोल संपल्याला." सगळे हसले. पोरं मात्र हसली नाहीत, ती ऐकत होती.

या उन्हाळ्यात मार्गासनीकडे बिबट्यानं कुणाचं तरी वासरू नेलं. लगेच सगळ्यांच्या मोबाईलवर बिबट्या आला. एका चित्रात तो नारळाच्या झाडाखाली बसलेला होता, आमच्याकडे नारळ कुठून आला कुणाला माहीत. पण बघून बघून आकाशचं डोकं फिरलं. एका संध्याकाळी गाडी लावायच्या आधीच तो अंगणात बोलायला लागला.

"आता बास झालं गीता. पोरं वर जायची न्हाईत."

"तू लहान होतास तेव्हा पण बिबट्या होताच की."

"तवा मोबाईल नव्हता. दिसत नव्हता."

तिनं त्याला बोलता बोलता थोडं मागे आणलं. पण आकाशनं एक अट घातलीच, आणि ती आम्हा सगळ्यांच्या देखत घातली. "येक डाव जरी पोरांना उशीर झाला, तर दोगं जनं धनकवडीला. तुज्या आईकडं. शाळा बी तिकडंच घालायची. तितं निदान कुलूप तरी आसतंय."

कुलूप हा शब्द त्याच्या तोंडून सहज गेला असेल. गीतानं तो ऐकला आणि सूप खाली ठेवलं. तिची आई आता त्याच खोलीत एकटी राहते, कामाला जाते, आणि जाताना तेच कुलूप लावते. त्या दिवसापासून पोरं वर गेली की गीताला बसवेना, उभं राहवेना. दारातून गोठ्यापर्यंत, गोठ्यातून दारापर्यंत तिच्या येरझाऱ्या. सावली टाकीपासून हातभर लांब असतानाच हिचे ओठ सुकायचे. पोरं मात्र वेळेत यायची. सोनिया टाकीपाशी उभी राहून सावलीवर पाय ठेवायची आणि म्हणायची, "आले."

मग तो रविवार आला. सावली टाकीला लागली. मी माझ्या दारात तिखटाच्या मिरच्यांची देठं काढत होते, माझंही लक्ष तिकडंच होतं. सावली टाकीवर चढली. गीता अंगण झाडत होती, आधीच झाडलेलं. सावली टाकी ओलांडून पुढं गेली. गीताच्या हातातून खराटा पडला.

"ताई, सावली गेली," एवढंच ती म्हणाली.

मी मालकांना उठवलं. शेजारचे कोंडिबा आले. ते या डोंगरात गुरं राखून म्हातारे झालेले. वाडीतली आणखी चार माणसं निघाली. मी आकाशला फोन लावला. लावताना मला माहीत होतं मी काय करतेय, पण बापाला सांगायचं नाही तर कुणाला. तो गॅरेजात होता, ऐकलं आणि फोन ठेवला.

आम्ही वर निघालो. गीता चपला घालून मागं. या घरात आल्यापासून ती कधी त्या वाटेला लागली नव्हती. ओढा लागला. मे महिन्याचा ओढा, पाण्याचा थेंब नाही, नुसते गोटे. ती त्याच्याकडं न बघता तुडवत पुढं गेली. पुढं जुनी पायवाट संपली. गेल्या साली पुण्याच्या कुणी तिथली जमीन घेतली आणि तारेचं कुंपण घातलं. तेव्हापासून पोरं खालच्या घळीतून वळसा घालून जातात. तिथं करवंदीच्या जाळ्या माणसाच्या डोक्याएवढ्या.

माणसं पांगली आणि हाका सुरू झाल्या. डोंगरातला माणूस घसा जपून वापरतो. मालकांनी तोंडाशी हात धरून एक लांब हाक दिली, "सोनिया." मग एक, "स्वरूप." मग कान देऊन ऐकलं आणि पुढं सरकले. कोंडिबांनी तसंच केलं. पलीकडच्या अंगानं दुसऱ्यांनी तसंच केलं. एक सोनिया, एक स्वरूप, आणि पुढं. ओ नाही. घळीच्या काठानं आम्ही सगळे असेच गेलो. प्रत्येकाचा आवाज डोंगरावर जायचा आणि विरायचा. कोंडिबा खाली वाकून माती बघायला लागले. ते काय शोधतायत हे विचारायची मला हिंमत झाली नाही.

आणि गीतानं तोंड उघडलं.

इतकी वर्षं गिळलेली हाक ती. पहिली मारली, दुसरी मारली, तिसरी मारली आणि मग तिला थांबताच येईना. "सोनू, सोनू, ए सोनू, स्वरूप, सोनू..." श्वास घेईना, ऐकेना. घसा फाटला तरी चालूच. मालकांनी मला खूण केली, हिला आवर. कोंडिबा कावले, "आगं पोरी, दम धर. त्यांनी ओ दिली तर ऐकू कशी ईल?"

मी तिचा दंड धरला, तोंडावर हात ठेवला म्हणा ना. आणि त्या उसंतीत खालून आवाज आला.

"ओ."

जिथून आम्ही सगळे हाका मारत गेलो होतो, त्याच्याच खाली. जाळीच्या पोटात गुरांनी घासून पोकळी केलेली, त्यात दोघं बसलेली. स्वरूपचा घोटा सुजून टम्म. सोनियानं उन्हासाठी डोक्याला घेतलेली ओढणी त्याला करकचून बांधलेली. पळसाच्या पानात करवंदं राखून ठेवलेली, आईसाठी. गीता कशी खाली उतरली मला सांगता येणार नाही, काट्यांनी तिचे हात फाटले होते. तिनं दोघांना पोटाशी धरलं. थरथरत ती होती. पोरं तिच्या पाठीवर हात फिरवत होती.

आकाश येऊन पोचला तेव्हा मालकांनी स्वरूपला पाठुंगळी घेतलं होतं. पोरं धड आहेत हे बघितलं आणि त्याची भीती रागात उतरली. "हाका ऐकू आल्या न्हाईत?"

"आल्या," सोनिया म्हणाली.

"मग बोलता यीना?"

"एकेकदाच आल्या."

कुणालाच कळेना. सोनिया समजावून सांगायला लागली, जसं काही आम्हीच लहान. "मोठ्या बाबांची हाक आली. माझ्या नावाची एक, ह्याच्या नावाची एक. दुसरी आलीच नाही. मग कोंडिबा आजोबांची, तीपण एकेकच. मग अजून कुणाकुणाची. हा ओ देत होता, मी त्याचं तोंड दाबलं."

"आगं, माजा आवाज वळकला न्हाईस?" मालकांनी विचारलं.

"वळखला की. म्हणून तर भ्याले. आजी म्हणती ते वळखीचाच आवाज काढतं."

कोंडिबांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. हा नियम त्यांनाही लहानपणी कुणीतरी दिलेला असणार. आम्ही सगळे त्यात वाढलो आणि सगळे विसरलो. त्या पोरीनं तेवढा पाळला.

"मग आईला कशी दिलीस?" आकाशनं विचारलं. आवाज जरा खाली आला होता.

"आई थांबतच नव्हती," सोनिया म्हणाली.

घरी आल्यावर आत्यांना सगळं सांगितलं. आम्हाला वाटलं म्हातारी खजील होईल. ती म्हणाली, "म्हंजी पोरीनं माजं ऐकलं. ह्या घरात पयल्यांदा कुनीतरी ऐकलं."

"बंद कर ते येका हाकंचं, आई," आकाश ओरडला. "आज काय झालं आसतं?"

"म्या कशाला बंद करू? मानसांनी दोनदा हाक मारायला शिकावं."

आकाशनं फळीवरची बॅग काढली. अट म्हणजे अट. पोरांचे कपडे त्यात भरायला लागला. स्वरूपचा पाय बरा झाला की धनकवडी. गीता चुलीपुढं बसली होती, हातांना हळद लावलेली. मी दारात उभी होते. मला वाटलं, आता ही रडेल आणि गप्प बसेल.

"कुलपात मी होते, आकाश," ती म्हणाली. "मला काही झालं नाही तिथं. खरचटलं सुद्धा नाही. आणि दोन लेकरांची आई झाले तेव्हा ओढा ओलांडायला शिकले. आज शिकले. तोपण कोरडा."

आकाशच्या हातात स्वरूपची चड्डी होती. ती त्यानं बॅगेत घातली, चेन लावली आणि बॅग दाराशी ठेवली. मग तेलाची बाटली घेऊन पोराचा पाय चोळायला बसला. हो म्हणेना आणि नाही म्हणेना. मला असल्या वेळी पुरुषांना गदागदा हलवावंसं वाटतं.

बॅग तशीच दाराशी राहिली. येताजाता सगळ्यांच्या पायात यायची. गीता तिला ओलांडून पाणी आणायची, ओलांडून झोपायला जायची. भांडी घासून घासून संपली. पोरं घरातच होती, तरी ती घासत होती. आता तिला कसली काळजी लागली होती ते सगळ्या वाडीला माहीत होतं. मोकाट म्हणणाऱ्या बायका मुद्दाम येऊन पाय बघून जायच्या. मी त्यांना चहा दिला नाही.

एका सकाळी धुवायला काहीच उरलं नाही, तेव्हा गीतानं बॅगेची चेन उघडली. आतले कपडे धुतलेले, घड्या घातलेले. तिनं एकेक काढून भिजवला, साबण लावला, दगडावर आपटला आणि अंगणातल्या दोरीवर वाळत घातला. सोनियाचे फ्रॉक, स्वरूपच्या चड्ड्या, शाळेचे शर्ट. आकाशची सुट्टी होती, तो मोटरसायकलची साखळी काढून बसला होता. त्यानं दोरीकडं बघितलं, रिकाम्या बॅगेकडं बघितलं. त्यानं बॅग उचलली, आतली धूळ झटकली आणि फळीवर ठेवली. मग पुन्हा साखळीपाशी येऊन बसला.

सोनियानं कोपऱ्यातली काठी घेतली. स्वरूपला अजून चढ झेपणार नव्हता, तो ओसरीवर बसून सगळ्यांच्या नावानं खडे फोडत होता. एकमेकांना सोडायचं नाही हा नियम, मग बरोबर कोण?

प्रेरणा माझ्याकडं बघत होती. तिनं मोबाईल उलटा करून ठेवला होता. मी म्हटलं, "चपला नको, बूट घाल." आणखी खूप म्हणायचं होतं, बिबट्याचं, काट्यांचं, तारेचं. ते सगळं घशाशी आलं. गीता माझ्याकडं बघत होती, म्हणून गिळलं. पोरी आंब्यापलीकडे गेल्या, ओढ्यात उतरल्या, पलीकडं निघाल्या आणि दिसेनाशा झाल्या.

मी घरात गेले, बाहेर आले, परत गेले. मिरच्या निवडल्या, कुठल्या निवडल्या कुणास ठाऊक. शेवटी माझ्या घरातला हंडा उचलला आणि गीताशेजारी जाऊन बसले. तिनं राखेचं भांडं माझ्याकडं सरकवलं. हसली असती तर मी तिला बोललेच असते, पण ती हसली नाही. गोठ्याची सावली टाकीपासून लांब होती. मी दर घटकेला मान वळवून बघत होते आणि ती जागची हलत नव्हती.

मग डोंगरावरून हाक आली.

"आई..."

बारीक, लांबून. सोनियाची की प्रेरणाची, काही कळेना. आम्ही दोघी राखेच्या हातांनी उभ्या राहिलो. ओ माझ्या जिभेवर आली होती. गीतानं माझं मनगट धरलं, घट्ट. ओसरीवरून आत्या बघत होत्या. आकाशच्या हातातली साखळी वाजायची थांबली. मला आयुष्यात एवढा वेळ गप्प राहता आलेलं नाही.

"आई..."

आम्ही दोघींनी एकदम ओ दिली.